लघवीच्या गोळीने थायरॉइडला सूज येते का? मेडिकलच्या काउंटरवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला आमचं मेडिकल आहे आणि फार्मासिस्ट म्हणून काउंटरवर मीच बसते. दर आठवड्याला कुणीतरी मोबाइल पुढे करून विचारतं, ‘ताई, या लघवीच्या गोळीने गळ्याला सूज येते असं लिहिलंय, बंद करू का?’ गर्दीत सगळं सांगता येत नाही आणि अर्धवट सांगितलेलं जास्त घातक ठरतं, म्हणून हे सविस्तर लिहिलं आहे. मी डॉक्टर नाही. तुमची गोळी कोणती, किती आणि किती दिवस हे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्याकडे जाताना काय विचारायचं आणि सोबत काय न्यायचं, एवढं यातून नक्की कळेल.

लघवीची गोळी म्हणजे नक्की कोणती?

शरीरातलं जास्तीचं मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर काढणारी गोळी. कुणी तिला ‘पाणी काढायची गोळी’ म्हणतं. फ्युरोसेमाइड (लोकांच्या तोंडी लॅसिक्स) आणि टॉर्सेमाइड या जोरदार गोळ्या हृदय, किडनी किंवा लिव्हरच्या आजारातल्या सुजेवर देतात. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड या सौम्य गोळ्या जास्त करून बीपीसाठी असतात. स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम राखून पाणी काढते.

बऱ्याच जणांना आपण अशी गोळी घेतो हेच माहीत नसतं, कारण ती बीपीच्या गोळीतच मिसळलेली असते. बीपीच्या गोळीच्या नावाशेवटी ‘एच’ असेल तर तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात घटक छापलेले असतात. वाचता येत नसतील तर आम्हाला विचारा, आम्ही त्यासाठीच बसलो आहोत.

मग या गोळ्यांनी थायरॉइडला सूज येते का?

वर सांगितलेल्या नेहमीच्या गोळ्यांचा थायरॉइडची सूज हा ओळखीचा दुष्परिणाम नाही. त्यांचे ओळखीचे त्रास वेगळे आहेत: सोडियम-पोटॅशियम कमी होणं, अंगातलं पाणी कमी होणं, उभं राहिल्यावर चक्कर, पायात गोळे, युरिक अॅसिड वाढून अंगठा ठणकणं, साखर थोडी वाढणं. स्पायरोनोलॅक्टोनने पोटॅशियम वाढतं आणि काही पुरुषांच्या छातीला दुखरी गाठ येते.

तरीही या प्रश्नाला मी उडवून लावत नाही. लघवीची गोळी आणि थायरॉइड यांचा संबंध आहे, पण तो आडवाटेने येतो. कधी गोळीमुळे थायरॉइडचा रिपोर्ट बदलतो. कधी त्याच पिशवीतलं दुसरं औषध थायरॉइड बिघडवतं आणि आळ लघवीच्या गोळीवर येतो. आणि कधी मुळात थायरॉइड बिघडलेलं असतं, त्यामुळे अंगाला सूज येते आणि त्या सुजेसाठी लघवीची गोळी सुरू झालेली असते. ही तिसरी गोष्ट मी सगळ्यात जास्त पाहिली आहे.

थायरॉइडची सूज म्हणजे काय? मला तर ‘थायरॉइड आहे’ असं सांगितलंय.

थायरॉइड प्रत्येकालाच असतं. गळ्याच्या खालच्या भागात, श्वासनलिकेच्या पुढे, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी बसलेली असते. पाठ्यपुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणतात. ‘थायरॉइड आहे’ असं सांगतात तेव्हा तिचं काम कमी झालंय की जास्त, हे विचारून घ्या. दोन्हींची औषधं एकमेकांच्या उलट आहेत.

तिला दाह झाला की त्याला थायरॉइडायटिस म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार असे. पहिला हाशिमोटो. 1912 मध्ये हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने तो प्रथम मांडला. यात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. दुखत नाही, पण वर्षानुवर्षांत ग्रंथी मंदावते. दुसरा दुखरा प्रकार, डी क्वेर्व्हेन. सर्दी-तापाची साथ येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी तो उद्भवतो आणि बायकांमध्ये जास्त दिसतो. तिसरा बाळंतपणानंतरचा आणि चौथा औषधांमुळे होणारा.

दाह झाल्यावर ग्रंथीत साठवलेलं हार्मोन एकदम रक्तात सांडतं. म्हणून सुरुवातीला धडधड, घाम, हात थरथरणं, वजन उतरणं असं सगळं ‘जास्त’ झाल्यासारखं दिसतं. साठा संपला की काही आठवडे ‘कमी’ची लक्षणं येतात: सुस्ती, थंडी वाजणं, शौचाला कडक होणं. मग बहुतेकांची ग्रंथी पुन्हा रुळावर येते. एकाच माणसाचे दोन महिन्यांतले दोन रिपोर्ट उलटसुलट आले म्हणून लॅबला दोष देऊ नका.

गोळी सुरू केल्यापासून माझा गळा दुखतो. ही थायरॉइडचीच सूज कशावरून?

‘ताई, मना गया दुखस’ असं म्हणत कुणी आलं की मी आधी विचारते, ‘बोट ठेवून दाखवा, कुठे?’ त्या एका बोटावरून बरंच कळतं.

बोट गळ्याच्या पुढच्या बाजूला, हाराचं पदक टेकतं त्याच्या जरा वर गेलं, तिथे दाबल्यावर दुखलं, गिळताना वाढलं आणि कळ जबड्यात किंवा कानात जात असेल, तर दुखऱ्या थायरॉइडायटिसची शंका घ्यावी. सोबत बारीक ताप आणि अंगदुखी असते. अशा माणसाला कानदुखी समजून कानात थेंब आणि अँटिबायोटिकचे दोन-दोन कोर्स झालेले मी पाहिले आहेत.

बोट घशाच्या आत, पडजिभेकडे जात असेल तर तो साधा घसा. लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी कमी होऊन घसा कोरडा पडतो, टोचतो. मे महिन्यात तर हमखास.

बोट कानाखाली किंवा जबड्याखाली गेलं आणि जेवायला बसल्यावर तिथे फुगवटा येऊन दुखत असेल, तर ती लाळेची ग्रंथी. म्हाताऱ्या माणसांना उन्हाळ्यात, लघवीची गोळी चालू असताना आणि पाणी कमी पिताना हा त्रास होतो. तोंडात लाळ आटते आणि ग्रंथीत जंतू शिरतात. हा दुष्परिणाम लघवीच्या गोळीशी खरोखर जोडता येतो. लोक त्यालाही ‘गळ्याला सूज’च म्हणतात, म्हणून थायरॉइडशी घोटाळा होतो.

आणखी एक, आणि हे नीट लक्षात ठेवा. बीपीच्या काही मिश्र गोळ्यांत लघवीच्या औषधासोबत रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल असतं. त्याने कोरडा खोकला लागतो. क्वचित एखाद्याला ओठ, जीभ, घसा अचानक सुजतो, आणि हे गोळी सुरू झाल्यावर महिन्यांनीही होऊ शकतं. ओठ जाड झाले, आवाज बसला, श्वास अडखळला तर गोळीही घेऊ नका, वाटही बघू नका. 108 ला फोन करा आणि जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

लॅसिक्स चालू असताना थायरॉइडचा रिपोर्ट चुकतो म्हणतात. खरं आहे?

मोठ्या डोसला, हो. थायरॉइडचं हार्मोन रक्तातल्या प्रथिनांना धरून फिरतं. फ्युरोसेमाइडचा डोस 80 मिलिग्रॅमच्या वर गेला, विशेषतः शिरेतून दिला, की ते हार्मोनला त्या प्रथिनांवरून हुसकावतं. मोकळं हार्मोन काही काळ जास्त दिसतं आणि नंतर एकूण हार्मोन कमी दिसतं. यात ग्रंथीला दाह झालेला नसतो. घरी सकाळी 20 किंवा 40 मिलिग्रॅमची एक गोळी घेणाऱ्याने याचा घोर लावून घेऊ नये.

यापेक्षा नेहमी होणारी गोष्ट अशी: माणूस धाप लागून अॅडमिट असतो, फ्युरोसेमाइडची इंजेक्शनं चालू असतात आणि त्याच दिवसांत ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये थायरॉइडही तपासलं जातं. कुठलाही मोठा आजार चालू असताना थायरॉइडचे आकडे तात्पुरते हलतात. त्या एका कागदावरून जन्माची गोळी सुरू होऊ नये. तब्येत स्थिरावल्यावर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

मग थायरॉइड खरोखर बिघडवणारी औषधं कोणती?

सगळ्यात आधी नाव घ्यायचं ते अमियोडॅरोनचं. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना ते देतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना लघवीची गोळीही चालू असते. दोन्ही पट्ट्या एकाच डब्यात. अमियोडॅरोनच्या 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत साधारण 75 मिलिग्रॅम आयोडीन असतं. त्यातलं रोज सहा मिलिग्रॅमच्या आसपास शरीरात मोकळं होतं. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं 150 मायक्रोग्रॅम. म्हणजे गरजेच्या चाळीसपट. एवढ्या माऱ्याने कुणाची ग्रंथी मंदावते, कुणाची सुसाट सुटते, तर कुणाच्या ग्रंथीला थेट दाह होतो. औषध चरबीत साठतं, त्यामुळे बंद केल्यावरही आठवडे-महिने त्याचा परिणाम राहतो.

हे मी घरातच अनुभवलं. सासूबाईंच्या हृदयाचं पंपिंग कमी होतं. एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळाला तेव्हा कागदावर नऊ औषधं होती. थायरॉइड कधी तपासायचं हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सात-आठ महिन्यांनी त्यांचं वजन उतरू लागलं. आखाजीला खापरावरचे मांडे करताना पुरणपोळी दोन्ही हातांवर पसरवत नेणारी ती बाई, पण त्या वर्षी त्यांच्या हातातली चहाची बशी कपावर किणकिण वाजायची. रात्री झोप नाही, पंख्याखालीही घाम. भेटायला आलेल्या एका नातलगाने सांगितलं, ‘ती लघवीची गोळी जिजींना वाळवतेय, बंद करा.’ मी दुकानात होते. घरच्यांनी गोळी बंद केली.

चौथ्या रात्री त्यांना आडवं झोपता येईना. तीन उशा लावून बसवलं तरी धाप. पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. वजनकाट्यावर तीन किलो वाढले होते, आणि ते सगळं पाणी होतं. पहाटे धुळ्याला नेलं. तिथे टीएसएच आला 0.01 पेक्षा कमी. (टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी: ग्रंथी सुसाट असली की हा आकडा बहुधा उतरतो, मंद असली की चढतो.) अमियोडॅरोनमुळे थायरॉइडला दाह झाला होता. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तो हळूहळू आटोक्यात आला आणि ठोक्यांचं औषध हृदयाच्या डॉक्टरांनी बदललं. बंद केलेली लघवीची गोळी मात्र पहिल्याच दिवशी पुन्हा सुरू करावी लागली, कारण ती निर्दोष होती आणि तीच त्यांना तगवत होती.

अमियोडॅरोन सुरू करण्याआधी एकदा आणि नंतर दर सहा महिन्यांनी थायरॉइड तपासावं लागतं. तुमच्या घरी ते चालू असेल आणि तपासणी झालेली नसेल, तर हे पान बंद करून आधी डॉक्टरांना फोन करा. आणि ते औषधही मनाने बंद करू नका.

याशिवाय लिथियम, इंटरफेरॉन, कॅन्सरवरची इम्युनोथेरपी आणि सुनिटिनिबसारख्या काही गोळ्या थायरॉइड बिघडवतात. ही औषधं तज्ज्ञांच्या हातात असतात आणि ते बहुधा रक्त तपासत राहतात.

लिथियम आणि लघवीची गोळी एकत्र चालते का?

इथे दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवल्याच पाहिजेत. मनाच्या आजारासाठी लिथियम घेणाऱ्याला बीपीसाठी हायड्रोक्लोरोथायझाइडसारखी गोळी सुरू झाली, की किडनी लिथियम बाहेर टाकायचं कमी करते आणि रक्तातलं प्रमाण चढतं. हात जोरात थरथरणं, जुलाब, बोबडं बोलणं, तोल जाणं ही त्याची चिन्हं. लिथियममुळे थायरॉइडही मंदावतं, म्हणून त्याचीही नियमित तपासणी लागते. मनाच्या आजाराची गोळी लोक बीपीच्या डॉक्टरांपासून लपवतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण लपवण्यासारखं त्यात काही नाही आणि लपवल्याने धोका मात्र खरा आहे.

अँजिओग्राफी करून आल्यावर थायरॉइड बिघडलं. संबंध असू शकतो?

असू शकतो. अँजिओग्राफीत आणि डाय टोचून केलेल्या सीटी स्कॅनमध्ये आयोडीनचं औषध भरपूर जातं. आधीच गलगंड किंवा थायरॉइडचा त्रास असलेल्यांमध्ये पुढच्या काही आठवड्यांत ग्रंथी बिघडू शकते. अँजिओग्राफीनंतर नव्याने लघवीची गोळीही सुरू होते, त्यामुळे तारखा जुळतात आणि संशय गोळीवर जातो.

माझ्या आईच्या चेहऱ्याला आणि पायांना सूज होती म्हणून लघवीची गोळी दिली. नंतर थायरॉइड निघालं. गोळीमुळे झालं का?

बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. थायरॉइड आधीपासून मंद असतं आणि सूज हेच त्याचं लक्षण असतं.

घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट सांगते. नडगीच्या पुढच्या बाजूला, हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा आणि उचला. पिठाच्या गोळ्यावर बोट उमटावं तसा खळगा राहिला, तर आत पाणी साचलं आहे. ते हृदय, किडनी, लिव्हर, रक्तातली कमी प्रथिनं किंवा अॅम्लोडिपिनसारखी बीपीची गोळी यांमुळे असू शकतं. अॅम्लोडिपिनने पाय सुजतात आणि त्या सुजेवर लघवीची गोळी दिली जाते, हेही आमच्याकडे रोज दिसतं. पण सूज असूनही खळगा पडत नसेल, कातडी जाड आणि कोरडी असेल, डोळ्यांखाली पिशव्या, आवाज घोगरा, केस गळणं, भर उन्हाळ्यात गोधडी लागणं असं काही असेल तर थायरॉइड तपासायला सांगा. ती सूज लघवीच्या गोळीने नीट उतरत नाही. गोळी वाढवत नेली तर सोडियम मात्र उतरतं.

मंद थायरॉइडने खालचं बीपीही वाढतं. म्हणजे एका न सापडलेल्या आजाराच्या नावाने दोन-तीन गोळ्या सुरू होतात. शेतात राबणारी पन्नाशीची बाई ‘थकवा येतो, अंग जड झालंय’ म्हणाली की घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. एक टीएसएच करून घ्या. नॉर्मल साधारण 0.4 ते 4.0 असतो, लॅबप्रमाणे थोडा फरक पडतो.

थायरॉइडची गोळी आणि लघवीची गोळी, दोन्ही रोज घेता येतात का?

येतात, आणि हजारो लोक घेतात. थायरॉक्सिन, म्हणजे मंद थायरॉइडची गोळी, उठल्याबरोबर, उपाशीपोटी, साध्या पाण्याने. चहा अर्ध्या ते एक तासाने. लोहाची, कॅल्शियमची गोळी किंवा अॅसिडिटीचं पातळ औषध चार तासांनी. लघवीची गोळी डॉक्टरांनी सकाळची सांगितली असेल तर नाश्त्यानंतर घ्या. संध्याकाळी घेतली तर रात्रभर उठावं लागतं आणि अंधारात पडून खुबा मोडतो.

एसटीने जळगावला जायचं म्हणून त्या दिवशी गोळीच न घेणारे पुष्कळ आहेत, बायका जास्त, कारण वाटेत सोय नसते. फ्युरोसेमाइडचा जोर साधारण सहा तास राहतो. प्रवासाच्या दिवशी गोळी उशिरा घेतली तर चालेल का, हे एकदाच विचारून ठेवा. अजिबात न घेण्यापेक्षा ते बरं.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही गोळी घ्यावी का?

हा प्रश्न थायरॉइडपेक्षा मोठा आहे. भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या पुढे जातो. घामातून मीठ-पाणी जातं, त्यात गोळीही पाणी काढते. थायरॉइड सुसाट असेल तर घाम आणखी. सोडियम 135 च्या बरंच खाली गेलं की माणूस गळून जातो, बरळतो, झोपाळतो. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन यांनी हे विशेषतः म्हाताऱ्या बायकांमध्ये आणि गोळी सुरू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत होतं. मंद थायरॉइडमुळेही सोडियम उतरू शकतं. म्हणून अशा आजीबाईंचं सोडियम-पोटॅशियम गोळी सुरू झाल्यावर लवकर आणि एप्रिलमध्ये पुन्हा तपासून घ्यावं, असं मी आग्रहाने सांगते.

जुलाब-उलट्या लागल्या, लघवी गडद आणि थोडी झाली, उठताना डोळ्यापुढे अंधारी आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. अशा दिवसांत गोळी थांबवायची की नाही हे तेच सांगतील. हृदयाच्या पेशंटला पाण्याचं माप ठरवून दिलेलं असतं, त्याने ‘ऊन आहे’ म्हणून तांब्यावर तांबे रिचवू नयेत.

केळीचंही विचारतात. रावेर-यावल-चोपड्याच्या माणसाला केळी खाऊ नका म्हणणं सोपं नाही. मध्यम केळ्यात साधारण 400 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. फ्युरोसेमाइड किंवा हायड्रोक्लोरोथायझाइडने पोटॅशियम उतरतं, त्यांना केळी उपयोगी. पण स्पायरोनोलॅक्टोन, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल घेणाऱ्यांनी, त्यात किडनी कमजोर असेल तर, विचारल्याशिवाय रोजची डझनभर केळी खाऊ नयेत. पोटॅशियम 5.5 च्या वर चढलं तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो.

मिठाचं एकच सांगते. कळण्याच्या भाकरीवरचा ठेचा, बिबड्या, उडदाचे पापड, शेवभाजीची शेव, लोणचं ही सगळी मिठाची कोठारं आहेत, आणि पापडखारातही सोडियमच असतं. एका हाताने गोळी घेऊन दुसऱ्या हाताने पापड खाल्ला तर गोळीचा डोस वाढतच जाणार. मीठ कमी करा, पण आयोडीनचंच वापरा. बीपीसाठी सैंधव चांगलं म्हणून आयोडीनचं मीठ पूर्ण सोडलेली घरं मला माहीत आहेत. सैंधवातही सोडियम असतंच, आयोडीन मात्र पुरेसं नसतं.

महिनाभर गोळी बंद करून बघू का, सूज जाते का ते?

नाही. बीपीची असेल तर बीपी चढेल आणि कळणारही नाही. हृदयाची असेल तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

थायरॉइडायटिसच निघाला तर उपचार काय असतो?

दुखऱ्या प्रकारात वेदनाशामक गोळ्या, जास्त असेल तर काही आठवडे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. त्याने दुखणं दोन-तीन दिवसांत इतकं कमी होतं की पेशंट औषध अर्ध्यावर सोडतात आणि दुखणं उलटतं. मात्र लघवीची गोळी चालू असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नका. त्या लघवीच्या गोळीचा असर कमी करतात, आणि सोबत बीपीची ‘सार्टन’ किंवा ‘प्रिल’वाली गोळी असेल तर किडनीवर तिहेरी भार पडतो. प्रेडनिसोलोननेही पाणी साचतं आणि पोटॅशियम उतरतं. म्हणून डॉक्टरांना ‘मला लघवीची गोळी चालू आहे’ हे वाक्य आठवणीने सांगा.

धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल देतात. थायरॉइड सुसाट असताना एरवी देतात ते कार्बिमाझोल इथे सहसा उपयोगाचं नाही, कारण ते नवं हार्मोन बनणं थांबवतं, आणि इथे बनून ठेवलेलं सांडत असतं. शेजारणीचा टीएसएचही कमी होता म्हणून तिची गोळी घेणाऱ्या बाईला मी याच कारणाने परत पाठवलं. तिच्या रिपोर्टमधला आकडा तोच होता, आजार वेगळा.

आणि कार्बिमाझोल ज्यांना खरोखर चालू आहे त्यांनी ऐका. घसा दुखून ताप आला, तोंडात फोड आले तर ते साधं समजू नका. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि पांढऱ्या पेशी तपासा. क्वचितच होतं, पण जिवावर बेतू शकतं.

दाह ओसरल्यावर बहुतेकांना कायमची गोळी लागत नाही. दुखऱ्या प्रकारातल्या शंभरातल्या पाच ते पंधरा जणांची ग्रंथी कायमची मंदावते. म्हणून बरं वाटल्यावरही सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करा.

बाळंतपणानंतर पाय सुजलेत, धडधडतंय. लघवीची गोळी घेऊ?

मनाने अजिबात नाही. बाळंतपणानंतरच्या वर्षात शंभरातल्या साधारण पाच बायकांना न दुखणारा थायरॉइडायटिस होतो. शिवाय बीपी, रक्त कमी होणं, हृदयाचा त्रास हेही असू शकतं. धाप असेल तर आजच दाखवा. ‘अंग उतरलं नाही अजून’ म्हणून घरात बसवून ठेवू नका.

वजन कमी करायची पावडर घेतल्यापासून लघवी खूप होते, हात थरथरतात.

ताबडतोब बंद करा आणि डबा घेऊन डॉक्टरांकडे जा. अशा बिननावाच्या पावडरींत लघवीचं औषध आणि थायरॉइडचं हार्मोन दोन्ही मिसळलेलं सापडलेलं आहे. पहिल्या आठवड्यात उतरलेलं वजन पाण्याचं असतं. नंतर उतरतं ते स्नायूंचं, आणि हृदयावर ताण येतो. गोखरू-पुनर्नव्याचा काढा घेत असाल तर तोही सांगा. लघवी वाढवणाऱ्या दोन गोष्टी एकत्र चालू आहेत हे डॉक्टरांना माहीत हवं.

लघवीच्या गोळीने कॅल्शियम वाढलं, डॉक्टर ‘पॅराथायरॉइड’ म्हणाले. तेच का हे?

नाही. पॅराथायरॉइड या थायरॉइडच्या पाठीमागे असलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, वेगळ्या ग्रंथी आहेत. हायड्रोक्लोरोथायझाइडच्या गटाने कॅल्शियम थोडं वाढू शकतं, म्हणून तपासणी सांगितली असेल.

तपासणी कोणती करायची आणि कुठे?

आधी टीएसएच आणि फ्री टी-4 (रक्तातलं मोकळं थायरॉइड हार्मोन). दाहाची शंका असेल तर ईएसआर (अंगात दाह आहे का ते दाखवणारी) आणि अँटी-टीपीओ (प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटली आहे का ते दाखवणारी). गरज वाटली तर गळ्याची सोनोग्राफी. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे दाखवता येतं. सातपुड्यातल्या पाड्यांवरून येणाऱ्यांनी जुने कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत आणावेत. कागद नाही म्हणून परत फेरा पडतो आणि एक दिवसाची मजुरी जाते.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा. बायोटिनने यंत्र फसतं आणि थायरॉइड जास्त असल्याचा खोटा रिपोर्ट येऊ शकतो.

मला खात्री आहे की याच गोळीने त्रास झाला. कुठे सांगायचं?

आधी डॉक्टरांना. नंतर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या सरकारी कार्यक्रमाला, 1800-180-3024 या टोल फ्री नंबरवर. याचं मुख्य केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. पेशंट स्वतः कळवू शकतो, दुष्परिणाम सिद्ध झालेला असायची अट नाही. फोन करताना पट्टी हातात ठेवा: औषधाचं नाव, बॅच नंबर, गोळी सुरू केल्याची तारीख, त्रास सुरू झाल्याची तारीख आणि सोबत चालू असलेली बाकीची सगळी औषधं. पट्टी टाकून दिली असेल तर आमच्या बिलावर बॅच नंबर असतो, तो घेऊन या.